तेलातली बरणी, पाण्यातली बरणी

गाडेकर बाईंच्या हातात काहीही द्या, त्या ते आधी तळहातावर घेऊन किंचित वरखाली करायच्या. खडूची पेटी असो, नाहीतर कुणाच्या साखरपुड्याच्या पेढ्यांचा पुडा असो. मग नखानं एक टिचकी, मान कलती करून आवाज ऐकणं, आणि त्यानंतर 'थँक्यू' किंवा जे काय म्हणायचं असेल ते. घोडेगावच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या माध्यमिक शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं लागून होती. अकरा वर्षं मी त्या टिचक्या ऐकल्या आणि त्यातली पहिली दोन वर्षं तरी मनातून चरफडत होतो.

एकदा माझ्या मेहुण्यानं मला चांदीचं म्हणून एक पेन दिलं. मी ते खिशाला असं लावलं होतं की दहा फुटांवरूनही दिसावं. बाईंनी ते मागून घेतलं, हातावर तोललं, पर्समधून सेल आणि दोन तारा जोडलेला टॉर्चचा बल्ब काढला आणि तारा पेनाच्या टोपणाला लावल्या. बल्ब लागला. मी खूश. मग त्यांनी टोपणावरचा एक ओरखडा शोधला, नेमक्या त्या ओरखड्यात तारा टेकवल्या आणि बल्ब विझला.

"सर, वरून मुलामा आहे. आत प्लास्टिक," त्या म्हणाल्या. "पण लिहितं का चांगलं?"

"लिहितं की."

"मग झालं तर. चांदीचं असतं तर जड झालं असतं हाताला."

त्या पर्समध्ये घरची किल्ली, डोकेदुखीच्या गोळ्या, हा बल्ब आणि सोनाराकडं असते तसली एक चिमुकली हातोडी एवढंच असायचं. बाई अंगानं काटक, उंचीनं बेताच्या, जिभेला तिखट. पदर खोचून वर्गात शिरल्या की पोरं आपोआप सरळ बसत. 'साधारण' आणि 'बहुतेक' हे दोन शब्द कानावर पडले की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. आणि एक वाक्य त्या इतक्या वेळा म्हणायच्या की शाळेतले शिपाईसुद्धा त्यांची नक्कल करायचे: "नाव नंतर. आधी वस्तूला विचार."

आठवीला धातू आणि अधातूंचा धडा आहे. दुसऱ्या कुठल्याही शाळेत तो दोन तासांत उरकतो. धातू चकाकतात, ठोकले की त्यांचे पत्रे होतात, वाजवले की नाद येतो, त्यांच्यातून वीज जाते. अधातूंचं सगळं याच्या उलट. तक्ता पाठ केला की गुण मिळाले. बाईंना हा धडा तीन आठवडे पुरायचा. कोळसा, गंधक, खिळे, ॲल्युमिनियमची तार, भाताची पळी, बैलाच्या गळ्यातली घंटा असं सगळं टेबलावर मांडलेलं असायचं आणि प्रत्येक पोरानं प्रत्येक वस्तू ठोकायची, वाजवायची, तारेला लावायची. एका वर्षी एका पोरीनं दोन्हीकडून तासलेली शिसपेन्सिल तारांमध्ये धरली आणि बल्ब लागला. पोरगी ओरडली, "बाई, पेन्सिल धातू हाय!"

बाई 'नाही' म्हणाल्या नाहीत. हातोडी पुढं केली आणि म्हणाल्या, "ठोक."

आतल्या शिशाचा भुगा झाला. पोरगी भुग्याकडं बघत राहिली. "आता न्हाई वाटत."

"मघाशी का वाटलं?"

"बल्ब लागला म्हनून."

"दोन्ही लिही वहीत. एका परीक्षेवर कुणाला नाव ठेवायचं नाही."

ते शिसं नव्हेच, ग्रॅफाइट, म्हणजे वीज जाऊ देणारा अधातू, हे उत्तर त्यांनी चार दिवसांनी सांगितलं. तोवर त्या पोरीचा बाप मुख्याध्यापकांकडं तक्रार घेऊन येऊन गेला, की बाई पोरांना ठोकायला लावत्यात पन उत्तर सांगत न्हाईत. बाईंना हे कळल्यावर राग आला नाही. "पोरीनं घरी जाऊन सांगितलं म्हणजे डोक्यात घोळतंय," एवढंच म्हणाल्या.

बैलाच्या घंटेचीही एक गोष्ट आहे. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात बाईंना वर्गासाठी घंटा घ्यायची होती आणि मी सहज बरोबर गेलो होतो. दोर, गोंडे, घुंगरू विकणाऱ्यानं एक घंटा काढून दिली. "अस्सल काशाची हाय बाई, डोळं झाकून घ्या." बाईंनी डोळे झाकलेच, पण ते वाजवून ऐकायला. पुन्हा वाजवली. म्हणाल्या, "भाऊ, हिला चीर आहे." त्यानं आईची शपथ घेतली. बाईंनी घंटा उलटी धरली, माझ्या बाटलीतलं पाणी तिच्यात ओतलं आणि आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. थोड्या वेळानं बुडाशी एक थेंब जमला.

विकणारा हसायला लागला. "तुमी मास्तरीन हाय का सोनारीन?"

"हीच द्या मला," बाई म्हणाल्या. "आणि एक चांगली द्या. पोरांना दोन्ही आवाज ऐकवायचेत."

बाई मूळच्या पाथर्डीकडच्या. आईवडील ऊसतोडीला जायचे, त्यामुळं शाळेची कितीतरी वर्षं निम्मीच झाली. हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, तेही प्रयोगशाळेचा विषय निघाला म्हणून. "आठवीचा हा धडा मी कारखान्यावर पाठ केला, सर. सगळा पाठ. पण सोडिअम म्हणजे काय ते बी.एस्सी.ला जाईपर्यंत डोळ्यांनी बघितलं नव्हतं." त्या असं काही बोलल्या की पुढचं वाक्य शाळेच्या कामाचं असायचं. त्या दिवशीही लगेच त्यांनी मला हजेरीपट मागितला.

आता मुख्य गोष्ट. सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो.

बाईंच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. संस्थेनं ठरवलं होतं की शाळेत एक मोठा पडदा बसवायचा आणि विज्ञानाचे प्रयोग त्यावर दाखवायचे. खोली एकच मोकळी करण्यासारखी होती, ती प्रयोगशाळेची. बाईंनी तीन अर्ज केले. शेवटी मुख्याध्यापकांनी सांगितलं, "बाई, फेब्रुवारीत तपासणी आहे. साहेबांचा शेरा चांगला आला तर खोली राहील. नाही आला तर माझ्या हातात काही नाही." त्या दिवसापासून बाई मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आणि न खाता परत बंद करायच्या. पोरं हातानं करणार की नुसती बघणार, एवढाच त्यांच्यापुढं प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर एका माणसाच्या एका सकाळवर येऊन ठेपलं होतं.

तपासणी म्हटलं की आमच्याकडं भिंती धुतल्या जातात, कुंड्या गेरूनं रंगवल्या जातात आणि जिथं जिथं काही लिहिलेलं आहे तिथं तिथं ते माझ्याकडून नव्यानं लिहून घेतलं जातं. माझं अक्षर चांगलं आहे. हे मी स्वतःच सांगतोय, कारण त्यानंच घात केला. प्रयोगशाळेतल्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या कसरीनं खाल्ल्या होत्या. तपासणीच्या आदल्या दिवशी बाईंना प्रशिक्षणासाठी नेवाशाला जायचं होतं. जाताना त्यांनी मला यादी दिली. "फक्त लिहून ठेवा, सर. चिकटवायच्या मी. आणि त्या दोन बरण्या जागेवरून हलवायच्या नाहीत. डावीकडची पाण्यातली, उजवीकडची तेलातली."

त्या दोन बरण्या तपकिरी काचेच्या होत्या. पाण्यातला फॉस्फरस, तो उघड्या हवेत आला की पेट घेतो, म्हणून पाण्यात ठेवतात. तेलातलं सोडिअम, त्याला पाणी लागलं की भडका उडतो, म्हणून तेलात. पूर्वी ते रॉकेलात असायचं आणि वासावरून कुणीही ओळखलं असतं. रेशनचं रॉकेल बंद झाल्यापासून बाई औषधाच्या दुकानातून लिक्विड पॅराफिन आणत. त्याला ना वास ना रंग, दिसायला पाणीच.

मी चिठ्ठ्या लिहिल्या. इतक्या देखण्या उतरल्या की त्या नुसत्या टेबलावर पडून राहाव्यात हे माझ्यानं बघवेना. प्रयोगशाळेचे परिचर रंगनाथमामा फळी पुसायला बरण्या खाली टेबलावर काढून पाणी आणायला गेले होते. त्यांनी त्या फळीवर होत्या त्याच क्रमानं मांडल्या होत्या, पण टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं. मी अलीकडून उभा होतो. माझ्या डावीकडची बरणी घेतली आणि तिच्यावर पट्टी धरून सरळ रेषेत 'फॉस्फरस' चिकटवलं. दुसरीवर 'सोडिअम'.

मामा बादली घेऊन आले. "सर, बगून लावल्या ना?"

"हो हो," मी म्हणालो.

मामांनी नावं वाचून बरण्या फळीवर नेऊन ठेवल्या. मी हात धुतले आणि घरी गेलो.

तपासणीच्या दिवशी साहेब वेळेच्या अर्धा तास आधी आले आणि थेट प्रयोगशाळेत शिरले. बाई नुकत्याच आल्या होत्या, त्यांना फळीकडं बघायलाही वेळ मिळाला नव्हता. आठवीची चाळीस पोरं टेबलाभोवती, साहेब खुर्चीत, मुख्याध्यापक शेजारी उभे. माझा तास मोकळा होता; मी दारात थांबलो. साहेबांनी फळीवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "अक्षर सुंदर आहे हो." मुख्याध्यापकांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मी मान लववली.

पोरांनी ठोकलं, वाजवलं, बल्ब लावले. साहेब खुलले. त्यांनीच फळीकडं बोट केलं. "ते सोडिअम आहे ना? हे मुलांना कधी बघायला मिळत नाही. दाखवा की."

मामा दोन्ही बरण्या घेऊन आले. 'फॉस्फरस'च्या बरणीतली पातळी जरा खाली गेली होती. पाण्यातल्या बरणीत पाणी कमी दिसलं की लगेच भरायचं, ही बाईंचीच शिस्त. मामांनी झाकण काढलं आणि पाण्याचा जग उचलला. त्याच वेळी बाईंनी 'सोडिअम'ची बरणी हातात घेतली आणि सवयीनं किंचित वरखाली केली.

त्यांचा हात खाली गेला आणि तिथंच थांबला.

पुस्तकात लिहिलेलं असतं की धातू जड असतात. सोडिअम धातू असूनही पाण्यापेक्षा हलकं असतं आणि फॉस्फरस अधातू असून त्याच्या जवळजवळ दुप्पट जड. हे मला नंतर कळलं. बाईंच्या हाताला ते वीस वर्षांपासून ठाऊक होतं.

"मामा," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "जग सरळ करा."

जग तिरपा झाला होता. पाण्याची धार बरणीच्या कडेला चाटून टेबलावर पडली. ती चार बोटं आत पडली असती तर बरणी फुटली असती आणि मामांचा चेहरा तिच्यापासून हातभरावर होता.

"तसंच मागं या. जग खिडकीत ठेवा." मग पोरांकडं वळून म्हणाल्या, "मागच्या दारानं, एका ओळीत. पळायचं नाही. साहेब, तुम्हीसुद्धा."

"काय झालं काय?" साहेब उठत म्हणाले.

"चिठ्ठ्या उलट आहेत असं वाटतंय. विचारून बघते."

पोरं बाहेर पडली. मी दारातून हललो नाही. बाईंनी हातातली बरणी दोन्ही हातांनी वाळूच्या बादलीत उतरवली. फडक्यानं टेबल पुसलं, दुसऱ्या फडक्यानं पुन्हा पुसलं. हात कोरडे केले. काचेची कांडी पुसून उघड्या बरणीत बुडवली आणि तिचा थेंब एका कागदावर टेकवून कागद खिडकीच्या उजेडात धरला. डाग पसरला. बाई फुंकर घालत थांबल्या. डाग वाळला नाही, त्यातून पलीकडचा उजेड दिसत राहिला.

"तेल आहे," मामा पुटपुटले.

"एकावर नाही," बाई म्हणाल्या. चिमट्यानं त्यांनी आतला खडा तेलातच किंचित वर घेतला आणि सुरीनं टोक कापलं. लोण्यात शिरावी तशी सुरी शिरली. कापलेली जागा क्षणभर चांदीसारखी चमकली. "धातू." त्यांनी झाकण लावलं. दुसरी बरणी त्यांनी उघडली नाही. मोबाईलचा उजेड काचेवर धरून आतला खडा पूर्ण बुडालेला आहे एवढं पाहिलं आणि मग ब्लेडनं माझ्या दोन्ही चिठ्ठ्या खरवडून काढल्या. मामा स्टुलावर बसले होते. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

बाहेर व्हरांड्यात साहेब घाम पुसत होते. ते दुष्ट नव्हते, भ्यालेले होते. चाळीस पोरं होती आत.

"चिठ्ठ्या लिहिल्या सरांनी. चिकटवल्या कुणी?" त्यांनी विचारलं.

मुख्याध्यापक पटकन म्हणाले, "ते काम रंगनाथचंच असतं."

"मग त्याला काढा, आजच. विज्ञानाच्या माणसाकडून ही चूक झाली नसेल तर मला शेऱ्यात फार लिहायचं नाही."

मामांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. जमिनीकडं बघत म्हणाले, "चुकलं साहेब."

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग पदरानं हात पुसायला लागल्या. एकेक बोट, अंगठा, मग दुसरा हात. पुसायला त्यावर काही नव्हतं. मी साहेबांच्या शर्टाच्या बटणाकडं बघत होतो. तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं. कारणं द्यायची तर पुष्कळ देता येतील, पण खरं सांगायचं तर मला लाज वाटली. पंधरा मिनिटांपूर्वी मी मान लववून शाबासकी घेतली होती.

बाईंचे हात पुसून झाले.

"मामा, तुम्ही गप्प बसा," त्या म्हणाल्या. "साहेब, चिठ्ठ्या माझ्या हातून चुकल्या."

साहेबांना हे आवडलं नाही हे स्पष्ट दिसलं. "बाई, विज्ञान शिक्षकच असं करणार असेल तर ही खोली मी कुणाच्या भरवशावर उघडी ठेवू?"

दुपारी शेरा आला: रसायनांची हाताळणी निष्काळजीपणाची, प्रयोगशाळा पुढील आदेशापर्यंत बंद ठेवावी. संध्याकाळच्या आत कुलूप लागलं. मामांची नोकरी वाचली; त्यांना पाण्याच्या टाकीचं काम मिळालं.

बाई दुसऱ्या दिवशी वेळेवर आल्या. तिसऱ्या तासाला व्हरांड्यातून ठोकण्याचा आवाज आला म्हणून मुख्याध्यापक धावत गेले. पोरं फरशीवर बसून घरून आणलेले खिळे आणि कोळसा ठोकत होती. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, बंदीचा आदेश आहे." बाई म्हणाल्या, "खोली बंद आहे, सर. खिळे बंद नाहीत." निवृत्त होईपर्यंत त्यांनी तो धडा तसाच शिकवला. माझ्याशी त्या पूर्वीसारख्याच बोलायच्या: हजेरीपट द्या, पंखा लावा, आज बस उशिरा आहे. कधीतरी त्या विषय काढतील आणि मी कबूल करून मोकळा होईन, अशी वाट बघत मी चार महिने काढले. त्यांनी काढला नाही. नव्या वर्षी आठवीच्या पोरांना तो धडा पडद्यासमोर बसवून दोन तासांत झाला.

दिवाळीच्या सुट्टीत मी बेलापूरला गेलो. बाई तिथं आता भावाच्या शेजारी राहतात. खिशात संस्थेच्या नावाचा अर्ज होता: चिठ्ठ्या मी चिकटवल्या, बाईंनी मनाई केलेली असताना चिकटवल्या, सबब शेरा मागं घेऊन प्रयोगशाळा उघडावी. तो मी सात वेळा लिहून फाडला होता आणि आठव्यांदा लिहिला होता. बाई अंगणात वाळवण गोळा करत होत्या. त्यांनी कागद उभ्याउभ्याच वाचला.

"तारीख आजची आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"मामांना दाखवला?"

"नाही. म्हटलं आधी तुम्हाला—"

"मला कशाला? मी आता तिथं नाही." त्यांनी कागदाची पहिली होती तीच घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "आणखी एक आठवीची बॅच निम्मी गेली, सर. तिकडं द्या."

मी म्हणालो, "बाई, मला माफ करा." हे वाक्य मी बसमध्ये घोकत आलो होतो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"मी थांबले होते हो त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "मला खात्री होती तुम्ही बोलाल."

मी अर्ज सुट्टी संपताच दिला, मामांना दाखवून दिला. अजून उत्तर नाही. पण बाईंचं नाव निघालं की मला तो अर्ज आठवत नाही, त्या दिवशीचं ते अंगण आठवतं. आत कुकरची शिट्टी झाली म्हणून त्या वळल्या आणि पायऱ्या चढून घरात गेल्या. मी फाटकाशी उभा राहिलो, वाटलं चहाला बोलावतील. गॅस बंद केल्याचा आवाज आला, भांड्यांचा आला, आणि मग बराच वेळ काहीच आलं नाही.